फिर्यादीचा व्हिसा

दुकान म्हणजे अमेरिकेत हमरस्त्याला लागून असतं तसलं: पुढे पेट्रोलचे दोन पंप, आत दूध, सिगारेट, बिअर, लॉटरीची तिकिटं. काउंटरमागे एकटा माणूस. दार ढकलून एकजण आत येतो, पिस्तुलासारखं काहीतरी रोखतो, गल्ल्यातले पैसे खेचतो आणि पळून जातो. छताजवळचा कॅमेरा सगळं टिपतो. इथवर ही नेहमीची दरोड्याची बातमी. पण काउंटरमागचा माणूस त्यानंतर फोन उचलत नाही. पाच मिनिटं जाऊ देतो, कधी त्याहून जास्त. दरोडेखोर पुरेसा लांब गेला असेल अशी खात्री झाली की मग पोलिसांना बोलावतो.

२०२३ च्या मार्चपासून मॅसॅच्युसेट्समध्ये आणि इतर काही राज्यांतही असे दरोडे पडले. ते नाटक होतं हे पुढे बॉस्टनच्या फेडरल कोर्टात उघड झालं. नाटक बसवणारा न्यूयॉर्कमध्ये राहणारा एक भारतीय होता. पैसे देत होता तो लुटला जाणारा माणूस. एकाने तर त्यासाठी २०,००० डॉलर मोजल्याचं सरकारी वकिलांनी नोंदवलं. दुकान वापरायला दिलं म्हणून दुकानमालकालाही वाटा मिळे. सूत्रधाराने मे २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला वीस महिन्यांची कैद झाली.

स्वतःला लुटून घ्यायला कुणी सोळा-सतरा लाख रुपये का द्यावेत? कारण त्या लुटीतून एक कागद मिळतो. त्यावर पोलिस अधिकाऱ्याची सही असते. आणि ती सही असली की अमेरिकेत राहण्याची परवानगी मागता येते. या परवानगीचं नाव यू व्हिसा. नाटकवाल्यांमुळे तो आपल्याकडच्या बातम्यांत आला हे वाईटच झालं. खऱ्या बळींसाठी तो काय आहे, हे त्या बातम्यांत कुठेच नव्हतं.

अमेरिकेचे व्हिसे अक्षरांनी ओळखले जातात, त्यामागे काही गूढ नाही. तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या एकाच कलमात तात्पुरत्या पाहुण्यांची यादी दिली आहे आणि पोटकलमांना ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. ए म्हणजे राजदूत, बी म्हणजे पर्यटक आणि धंद्यानिमित्त आलेले, एफ म्हणजे विद्यार्थी. आपल्या घराघरांत पोचलेलं एच म्हणजे कामगार. पुण्यात कुणाही मध्यमवर्गीय बैठकीत एच-वन आणि एफ-वन हे शब्द वरण-भातासारखे ऐकू येतात. यादीच्या शेवटी असलेल्या एस, टी, यू या अक्षरांविषयी मात्र कुणी बोलत नाही. ती अक्षरं वाट्याला येतात तेव्हा घरात काहीतरी भयंकर घडलेलं असतं.

एसचा मान पहिला, पण तो थोडक्यात उरकतो. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि १९९४ मध्ये गुन्हेगारी टोळ्यांची किंवा दहशतवाद्यांची आतली खबर देणाऱ्यांसाठी हा व्हिसा निघाला. त्याचा अर्ज स्वतः करता येत नाही, तपासयंत्रणाच करते. म्हणजे तो खबऱ्याचा व्हिसा, बळीचा नव्हे.

बळींसाठीचे दोन व्हिसे, टी आणि यू, ऑक्टोबर २००० मध्ये एकाच कायद्यातून आले. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. टी माणसांच्या तस्करीच्या बळींसाठी आणि यू इतर गंभीर गुन्ह्यांच्या बळींसाठी. यामागची अडचण पोलिसांना ठाऊक होती. ज्याच्याकडे कागद नाहीत, किंवा ज्याचे कागद दुसऱ्याच्या हातात आहेत, तो मार खातो पण चौकीत जात नाही. त्याला गुन्हेगाराइतकीच पोलिसांचीही भीती वाटते. गुन्हेगारालाही हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो अशीच माणसं हेरतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फिर्यादी मिळाला नाही तर खटला उभा राहत नाही आणि तोच गुन्हेगार उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात जातो. अमेरिकी काँग्रेसने म्हणून एक सौदा मांडला: तुम्ही तपासाला मदत करा, आम्ही तुम्हाला हाकलणार नाही.

सौदा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. अमेरिकी कायद्याच्या या भागात दया आहे, पण ती उपयोगाला जोडलेली आहे. तुम्ही किती सोसलंत हे पाहिलं जातंच, त्याबरोबर तुम्ही पोलिसांच्या किती कामी आलात हेही पाहिलं जातं. यू व्हिसातल्या बहुतेक कटकटी या एका जोडणीतून आल्या आहेत.

अर्जाचा मुख्य फॉर्म आय-९१८. त्याला जोडून एक पुरवणी लागते, सप्लिमेंट बी. मुख्य फॉर्म बळीने भरायचा, पुरवणी पोलिसांनी. अमुक माणूस अमुक गुन्ह्याचा बळी आहे, त्याच्याकडे गुन्ह्याची माहिती आहे आणि त्याने तपासाला मदत केली, करतो आहे किंवा करण्याची शक्यता आहे, इतकं त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. सही कुणाही शिपायाची चालत नाही. त्या खात्याच्या प्रमुखाची किंवा त्याने त्या कामासाठी नेमलेल्या वरिष्ठाची लागते. सरकारी वकील, न्यायाधीश, बालसंरक्षण खातं, कामगार खातं यांनाही ती करता येते. सही झाल्यावर सहा महिन्यांच्या आत अर्ज पोचला पाहिजे, नाहीतर सही शिळी होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मेख अशी की ही सही करण्याची सक्ती फेडरल कायद्याने कुणावरही नाही. शेजारशेजारच्या दोन शहरांत सारख्याच मारहाणीचे दोन बळी असले तर एकाला पंधरा दिवसांत सही मिळेल आणि दुसऱ्याला आमचं खातं असल्या कागदांवर सह्या करत नाही असं उत्तर मिळेल. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून पोलिसांना मुदत बांधून दिली, म्हणून तिथे बरं. बाकी ठिकाणी नशिबाचा भाग. आणि सही मिळाली म्हणजे व्हिसा मिळाला असंही नाही. ती दाराची कडी आहे. आत सोडायचं की नाही हे इमिग्रेशन खातंच ठरवतं.

गुन्हाही कुठलाही चालत नाही. कायद्यात सुमारे अठ्ठावीस प्रकार दिले आहेत: घरगुती हिंसा, बलात्कार, अपहरण, खून, गंभीर हल्ला, खंडणी, पाठलाग करून छळणं, साक्षीदाराला धमकावणं, परदेशी कामगाराला करारात फसवणं, अशी ती यादी जाते. गुन्हा अमेरिकेच्या कायद्याविरुद्ध असला पाहिजे आणि त्यातून बळीला शरीराचा किंवा मनाचा मोठा छळ सोसावा लागला असला पाहिजे. या यादीत साधी चोरी नाही आणि दरोडा हा शब्दही नाही. गल्ल्यातले पैसे गेले एवढ्यावर काही मिळत नाही. शस्त्र रोखलं गेलं तर मात्र तो गंभीर हल्ला म्हणता येतो. त्या नाटकांत प्रत्येक वेळी पिस्तूल का होतं, हे आता लक्षात येईल. नाटक बसवणाऱ्याने कायदा नीट वाचला होता.

काही गोष्टींत कायदा उदारही आहे, आणि लोकांना त्या फारशा माहीत नसतात. आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे अशी अट नाही, त्याला अटकसुद्धा झालेली नसली तरी चालतं. गुन्हा किती वर्षांपूर्वी घडला याला मर्यादा नाही. बळीचा व्हिसा संपलेला असो की तो मुळात चोरवाटेने आलेला असो, बहुतेक दोष माफ करण्याचा अधिकार खात्याला आहे. मूळ अर्जाला फी नाही. बळी एकवीस वर्षांच्या वर असेल तर नवरा किंवा बायको आणि मुलांना बरोबर घेता येतं. त्याहून लहान असेल तर आईवडील आणि अठराच्या आतली अविवाहित भावंडंही येतात. व्हिसा चार वर्षांचा, आणि तीन वर्षं सलग राहिल्यावर ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो.

हे सगळं मराठी घरापर्यंत कुठे येतं? एखाद्या बाईच्या नजरेने पाहू. समजा, साताऱ्याची एक मुलगी आहे, इंजिनिअर, पुण्यात नोकरी करत होती. लग्न झालं आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला आली. नवरा एच-वनवर, म्हणून ती एच-फोरवर. एच-फोर म्हणजे अवलंबून असलेली, डिपेंडंट. नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यापुढे गेल्याशिवाय तिला नोकरी करता येत नाही. बँकेतलं खातं त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, फोनसुद्धा त्याच्याच प्लॅनवर. पासपोर्ट त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. पहिली थप्पड कधी बसली हे ती आईला सांगत नाही. सांगितलं तर आई म्हणेल, थोडं समजून घे गं, परदेशात ताण असतो. आणि तो रोज एकच वाक्य म्हणतो: पोलिसांना बोलावलंस तर पहिल्या विमानाने तुला परत पाठवीन.

या धमकीत खरं किती? अर्धंच. त्याने व्हिसा सोडला, त्याची नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला तर तिचा एच-फोर खरोखरच संपतो. पण हाकलून देणं त्याच्या हातात नाही. नेमक्या अशाच बाईसाठी कायद्यात दोन-तीन वाटा आहेत. नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असता तर तिला १९९४ च्या कायद्याचा आधार मिळाला असता. महिलांवरील हिंसेविरुद्धच्या त्या कायद्याला तिकडची माणसं इंग्रजी आद्याक्षरं जोडून वावा म्हणतात. त्यानुसार बायको नवऱ्याला न कळवता स्वतःच स्वतःच्या ग्रीन कार्डाची मागणी करू शकते. त्यात पोलिसांची सही लागत नाही, पोलिसांकडे जाण्याचीही सक्ती नाही. लग्न खोटं नव्हतं, दोघं एकत्र राहिले आणि मारहाण किंवा पराकोटीचा छळ झाला, एवढं दाखवायचं. घटस्फोट झाला असला तरी त्यानंतर दोन वर्षांपर्यंत अर्ज चालतो. नाव महिलांचं असलं तरी छळलेला नवराही तो करू शकतो, आणि नागरिक मुलाने किंवा मुलीने छळलेले आईवडीलही. नातवंडं सांभाळायला म्हणून नेलेल्या आजी-आजोबांचं काय होतं हे ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना ही तरतूद उगाच वाटणार नाही.

पण आपल्या मुलीचा नवरा नागरिक नाही, एच-वनवाला आहे. त्यामुळे वावाचं दार तिला बंद. भारतीय बायका मोठ्या संख्येने नेमक्या याच फटीत अडकतात, कारण भारतीयांना ग्रीन कार्डासाठी लागणारी वर्षं मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत आणि तोवर अख्खं कुटुंब एच-वन, एच-फोरवरच जगतं. २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि छळ झालेल्या एच-फोर बायकांना काम करण्याची परवानगी देण्याचं ठरलं. ती मागण्याचा फॉर्म मात्र २०१७ मध्ये आला. मधल्या बारा वर्षांत ती तरतूद कागदावरच पडून होती. ही परवानगी एका वेळी दोन वर्षांची असते आणि तेवढीच असते, तिच्यातून ग्रीन कार्ड निघत नाही.

मग उरतो यू. घरगुती हिंसा यादीत आहेच. तिने पोलिसांना बोलावलं, जबाब दिला आणि पुढेही सहकार्य केलं तर ती सहीसाठी मागणी करू शकते. छळणारा नवरा तिच्या अर्जात कुटुंबीय म्हणून शिरू शकत नाही. आणखी एक कलम आहे, माझ्या मते या सगळ्यात सर्वात शहाणपणाचं. वावा, टी किंवा यूचा अर्ज कुणी केला आहे हे इमिग्रेशन खात्याने बाहेर सांगायचं नाही, आणि केवळ छळणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवर बळीविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही. नवऱ्याने खात्याला पत्र लिहिलं की माझी बायको लबाड आहे, तर तेवढ्यावर तिच्याविरुद्ध काही करता येत नाही. ज्या संसदसदस्याने असं कलम लिहिलं, त्याने असली पत्रं पाहिली असली पाहिजेत.

न्यू जर्सीत १९८५ मध्ये काही भारतीय बायकांनी मानवी नावाची संस्था काढली. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई बायकांवरच्या अत्याचारांसाठी काम करणारी ही पहिली संस्था. नंतर न्यूयॉर्कमध्ये सखी, शिकागोत अपना घर, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मैत्री अशा संस्था उभ्या राहिल्या. नावं अशी की परक्या देशात फोन उचलणारं माणूस आपलं वाटावं. वकील मिळवून देणं हे त्यांच्या कामाचं एक अंग. त्याआधी कुणीतरी त्या बाईला सांगावं लागतं की पोलिस आले तर दुभाषा मागता येतो, पासपोर्टची झेरॉक्स मैत्रिणीकडे ठेवावी आणि दवाखान्यात जखम कशी झाली ते खरं सांगावं, कारण पुढे तोच पुरावा होतो.

याची दुसरी तऱ्हा आपल्याकडे जास्त दिसते. नवरा सुट्टीला म्हणून बायकोला भारतात आणतो, सासरी सोडतो आणि तिचा पासपोर्ट घेऊन परत जातो. विमानतळावरून फोनही करत नाही. ही बाई अमेरिकेत नाही, मग तिला काही करता येतं का? गुन्हा अमेरिकेत घडलेला असेल तर यूचा अर्ज बाहेरूनही करता येतो. पण मदत केल्याचं दाखवायला तिने तिथे असताना पोलिसांना गाठलेलं असलं तर सोपं, नाहीतर महाकठीण. आपल्या राष्ट्रीय महिला आयोगाकडे अनिवासी नवऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे, पण अमेरिकी पोलिसांची सही आणून देणं त्याच्या हातात नाही.

नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असणं म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका घटनेतही दिसलं. २२ फेब्रुवारी २०१७ च्या संध्याकाळी ओलेथ गावातल्या एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या इंजिनिअरला एका माणसाने माझ्या देशातून चालता हो असं ओरडत गोळ्या घातल्या. श्रीनिवास गेला. त्याची पत्नी सुनयना दुमाला अंत्यसंस्कारासाठी भारतात आली आणि तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला: परत कशी जाणार? तिचा तिथे राहण्याचा हक्क नवऱ्याच्या व्हिसावर उभा होता आणि नवराच राहिला नव्हता. तिथले काँग्रेस सदस्य केव्हिन योडर यांनी मध्ये पडून तिला तात्पुरता व्हिसा मिळवून दिला. खुनाच्या गुन्ह्यात मेलेल्याची पत्नी, पती आणि मुलं यांनाही यूचा कायदा बळी धरतो, कारण मेलेला फिर्याद देऊ शकत नाही. पण ती लांबची वाट. नवऱ्याचा अंत्यविधी आटोपून आठवड्या-दोन आठवड्यांत परतायचं असेल तर तिचा उपयोग नाही.

टी व्हिसाची गोष्ट सुरू होते मुंबईपासून. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेचा गल्फ किनारा उद्ध्वस्त केला. तेलाचे फलाट दुरुस्त करणाऱ्या सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीला वेल्डर आणि पाइपफिटर हवे होते. भरती केली मुंबईतल्या एका एजन्सीने आणि न्यू ऑर्लिअन्समधल्या एका वकिलाने. वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या: कायमचं ग्रीन कार्ड, कुटुंबासकट. सुमारे ५०० भारतीय तयार झाले, त्यांत केरळचे बरेच होते, काहीजण तर तेव्हा आखातातच काम करत होते. प्रत्येकाने १०,००० ते २०,००० डॉलर भरले, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेचार ते नऊ लाख रुपये. कुणी जमीन विकली, कुणी बायकोचे दागिने, कुणी व्याजाने उचलले. हातात पडला तो सुमारे दहा महिन्यांचा एच-टू-बी व्हिसा. त्यातून ग्रीन कार्ड निघत नाही.

मिसिसिपीतल्या पास्कगूला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथे कंपनीने कुंपणाच्या आत छावण्या बांधल्या होत्या. एकेका ट्रेलरमध्ये चोवीस माणसं, दोन मजली पलंग, दारावर पहारेकरी. या सोयीसाठी महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापले जात, मग बाहेर स्वस्तात खोली मिळत असली तरी कापले जातच. मार्च २००७ मध्ये पहाटे पहारेकरी आले आणि तक्रार करणारी माणसं उचलून परत पाठवण्याची तयारी सुरू झाली. एकाने हाताची शीर कापून घेतली. वर्षभराने, मार्च २००८ मध्ये शंभरेक कामगार गेटबाहेर आले आणि त्यांनी डोक्यावरची हेल्मेटं कंपनीच्या आवारात फेकून दिली. मग न्यू ऑर्लिअन्सहून वॉशिंग्टनकडे कूच आणि तिथे उपोषण. आपल्याकडच्या मोर्च्यांची सवय असलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, तिथल्या लोकांना नवलाचं वाटलं.

कुलूप लावून साखळदंड घातले तरच तस्करी, असं आपल्याला वाटतं. इथे साखळदंड नव्हते. कर्ज होतं, संपत आलेला व्हिसा होता आणि बोलाल तर परत पाठवू ही धमकी होती. अमेरिकी कायद्यात कायद्याच्याच धाकाने कुणाकडून काम करून घेणं हीही सक्ती ठरते. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना १.४ कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, दोन कोटी डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीने माफी मागितली. यांतल्या अनेकांना टी व्हिसा मिळाले आणि मग त्यांची बायकामुलं भारतातून आली. कामगारांना संघटित करणाऱ्या साकेत सोनी यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहिलं आहे, द ग्रेट एस्केप नावाचं. आखाती नोकरीच्या जाहिराती अजूनही त्याच भाषेत येतात, म्हणून ते इथल्या माणसाने वाचण्यासारखं आहे.

टीच्या अटी यूपेक्षा थोड्या वेगळ्या. माणूस तस्करीमुळेच अमेरिकेत असला पाहिजे आणि परत पाठवलं तर त्याचे फार हाल होतील हे दाखवावं लागतं. तपासाला मदत इथेही अपेक्षित आहे, पण अठराच्या आतल्यांना आणि मानसिक धक्क्यातून न सावरलेल्यांना त्यातून सूट आहे. मुख्य म्हणजे पोलिसांची सही असली तर उत्तम, पण ती नसली म्हणून अर्ज अडत नाही. दोन्ही व्हिसे एकाच कायद्याची लेकरं, मग एकाला सहीची सक्ती आणि दुसऱ्याला नाही, हे का? माझा अंदाज असा की तस्करीचा बळी म्हटलं की डोळ्यांसमोर साखळीने बांधलेली मुलगी येते आणि कायदा लिहिणाऱ्याचा हात सैल होतो. मार खाल्लेली बायको किंवा लुटला गेलेला दुकानदार म्हटलं की आधी संशय येतो, हा खोटं तर बोलत नसेल?

टीला वर्षाला ५,००० ची मर्यादा आहे आणि बराच काळ ती कधी भरलीच नाही. यूला १०,००० ची, कुटुंबीय वगळून. ती २०१० मध्ये पहिल्यांदा भरली आणि त्यानंतर रांग वाढतच गेली. आज फक्त मूळ बळींचे दोन लाखांहून जास्त अर्ज पडून आहेत. वर्षाला दहा हजार या हिशेबाने गणित तोंडी करता येईल. आज अर्ज करणाऱ्या बाईचा मुलगा पाळण्यात असेल तर व्हिसा हातात पडेपर्यंत तो कॉलेज संपवून बसलेला असेल.

वीस वर्षं काम न करता कोण कसा जगेल? म्हणून जून २०२१ मध्ये इमिग्रेशन खात्याने मधली पायरी आणली. अर्ज प्रथमदर्शनी खरा वाटला आणि अर्जदाराची पार्श्वभूमी स्वच्छ निघाली, तर रांगेत असतानाच चार वर्षांसाठी काम करण्याची परवानगी द्यायची आणि तोवर हाकलायचं नाही. चांगला निर्णय होता. पण आता यूचा व्हिसा वीस वर्षांनी आणि कामाचं कार्ड त्याच्या खूप आधी, असं झाल्यावर कुणाला तरी हिशेब सुचणारच होता. काउंटरमागचा तो माणूस २०,००० डॉलर देऊन कार्डाकडे पाहत होता. व्हिसाचं पुढचं पुढे.

जिथे सहीला किंमत येते तिथे सही विकणाराही निघतो. जुलै २०२५ मध्ये लुइझियानातल्या छोट्या गावांच्या आजी-माजी पोलिसप्रमुखांवर आणि एका भारतीय वंशाच्या व्यावसायिकावर आरोपपत्र दाखल झालं. घडलेच नाहीत असे सशस्त्र दरोडे पोलिसांच्या कागदांवर घडवले आणि दर नावामागे ५,००० डॉलर घेतले, असा आरोप. मॅसॅच्युसेट्समध्ये निदान कुणीतरी दुकानात पिस्तूल घेऊन जात होतं, इथे आरोपपत्रानुसार तेवढेही कष्ट कुणी घेतले नाहीत. एवढ्याशा गावांत परगावच्या इतक्या लोकांवर दरोडे कसे पडतात, या प्रश्नावरून तपास सुरू झाला.

अशा प्रत्येक बातमीनंतर एडिसनमधल्या त्या मुलीची सही आणखी अवघड होते. चांगला पोलिस अधिकारीही आता दोनदा विचार करतो. शिवाय २०२५ पासून सरकारी धोरण कडक झालं आहे. अर्ज प्रलंबित असलेल्या बळींना ताब्यात घेताना सबुरी बाळगण्याच्या आधीच्या सूचना काढून घेण्यात आल्या, आणि अर्ज फेटाळला तर प्रकरण थेट हद्दपारीच्या कोर्टात जाऊ शकतं. कायदा मुळात तोच आहे, २००० चा. पण फिर्याद द्यावी की नाही याचा हिशेब प्रत्येक सरकारबरोबर बदलतो आणि तो मांडायचा त्या एकट्या बाईने. अशा वेळी मंडळाच्या गणपतीत भेटलेला, पेपर करून देतो म्हणणारा ओळखीचा गृहस्थ उपयोगाचा नाही. अमेरिकेत इमिग्रेशनचा सल्ला वकील किंवा सरकारमान्य प्रतिनिधीच देऊ शकतो, आणि गणपतीतल्या गृहस्थाने चुकीच्या चौकटीत खूण केली तर भोगायचं अर्जदाराला.

व्हिसा मिळाल्यावरही एक अट मागे राहते. ग्रीन कार्डासाठी तीन वर्षं सलग तिथे असावं लागतं, आणि एका वेळी नव्वद दिवसांपेक्षा जास्त किंवा सगळे मिळून एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ती सलगता तुटते. कागदावर नव्वद दिवस भरपूर वाटतात. पण बाहेर पडलं की परतण्यासाठी वकिलातीत शिक्का घ्यावा लागतो आणि त्याची तारीख आपल्या हातात नसते. रांगेत असलेल्याची गत तर याहून वाईट, त्याच्याकडे परतण्याचा व्हिसाच नाही. साताऱ्याला आई आजारी पडली तर ही मुलगी फोनवर बोलते, व्हिडिओवर पाहते, पैसे पाठवते. तिकीट काढत नाही.

तिच्या पर्समध्ये एक कार्ड असतं, ड्रायव्हिंग लायसन्सएवढं. फोटो, नाव, जन्मतारीख, कुठवर चालेल ती तारीख आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत वर्गाचा कोड. सी-१४ असेल तर ती अजून रांगेत आहे. ए-१९ असेल तर यू मिळाला. नोकरीवर ठेवणारा मॅनेजर कोडकडे बघत नाही, तारीख बघतो आणि कार्ड परत देतो.